दहा डॉलरांचा नरकासुर

"नरकासुराला दात किती असतात?"

हा प्रश्न मला माझ्या सात वर्षांच्या मुलाने विचारला. ऑक्टोबर २०२४, न्यू जर्सीतलं एडिसन, आमच्या भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर. मी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून दोन खळगे कापत होतो. त्यांचे डोळे होणार होते.

"मोजले नाहीत कधी," मी म्हटलं. "तोंडात मावतील तेवढे लावायचे."

त्याने थोडा विचार केला आणि कागदी प्लेटवर पेन्सिलीने दात काढायला बसला. बावीस काढले. वर म्हणाला, दोन किडलेले दाखवू या. हॅलोविनला एवढं गोड खाणाऱ्याचे दात किडणारच.

तिथपर्यंत आम्ही कसे पोचलो, ते आधी सांगतो.

*

सप्टेंबरच्या विसाव्या तारखेला, शुक्रवारी, माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. समोरच्या बाई वाचून दाखवत होत्या आणि मी त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा. बायको एच-फोरवर, तिला काम करायची परवानगी नव्हती. मुलगा तिथेच जन्मलेला, म्हणजे घरातला एकटा अमेरिकन नागरिक. साठ दिवसांची मुदत आम्हा दोघांना होती, त्याला नव्हती. त्याला आम्ही काही सांगितलंही नव्हतं. बाबा काही दिवस घरून काम करणार, एवढंच.

घरात आम्ही त्याला बाबू म्हणतो. गोव्यात अर्ध्या पोरांना बाबूच म्हणतात.

ऑक्टोबर लागला आणि बाबूच्या वर्गात एकच विषय सुरू झाला: यू आर गोइंग टू बी व्हॉट? आपल्याकडे फॅन्सी ड्रेसची स्पर्धा असते, तेवढ्यापुरतं पोर टिळक होतं, झाशीची राणी होतं, भाजीवाला होतं, आणि संध्याकाळी पुन्हा घरचं होतं. तिथे अख्खा महिना तयारी चालते. ३१ ऑक्टोबरला शाळेत मिरवणूक, संध्याकाळी दारोदार 'ट्रिक ऑर ट्रीट'. दारात पोर आलं की लोक आधी पोशाख बघतात, तू कोण ते विचारतात, मग चॉकलेट देतात. कोण व्हायचं हा प्रश्न सात वर्षांच्या माणसासाठी फार मोठा असतो.

बाबूला स्पायडरमॅन व्हायचं होतं. दुकानात गेलो. छातीवर फोमचे स्नायू शिवलेला पोशाख पंचेचाळीस डॉलरला होता. एका संध्याकाळसाठी. पुढच्या वर्षी तो त्याच्या पोटरीवर येणार. साठ दिवसांच्या हिशेबात मी दुधाची किंमत बघून बाटली उचलायला लागलो होतो. मी पोशाख पुन्हा हँगरवर लावला आणि म्हणालो, "आपण घरी करू या." बाबू काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला गाडीत घरापर्यंत ऐकू येत होतं.

रात्री बायको म्हणाली, "घेऊन दे त्याला. पंचेचाळीस डॉलरने आपण बुडत नाही."

"पैशाचा प्रश्न नाही, उगाच कशाला..."

"पैशाचाच प्रश्न आहे. तसं तरी म्हण."

*

स्पायडरमॅनची जागा नरकासुराने घेतली ती फोंड्याहून आलेल्या एका व्हिडिओमुळे.

ज्यांनी गोव्यातली दिवाळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे दिवाळी सुरू होते ती राक्षसापासून. नरक चतुर्दशीच्या आधीच्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहतात. बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत, वर कागद आणि रंग. काही माणसाएवढे, काही दुमजली घराएवढे. रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत, स्पर्धा, बक्षिसं. पहाटे कृष्ण झालेला कुणी मुलगा चक्र घेऊन येतो, वध होतो आणि पुतळा जाळतात. मग घरी येऊन उटणं लावून अंघोळ, पायाखाली कडू कारीट फोडायचं, आणि नाना प्रकारचे पोहे. कृष्णापेक्षा आता नरकासुरच मोठा झालाय, अशी तक्रार दरवर्षी होते आणि दरवर्षी पुतळे वाढतात.

तर माझ्या चुलतभावाने वाड्यावरच्या पुतळ्याचं काम सुरू झाल्याचा व्हिडिओ पाठवला. बाबूने तो माझ्या खांद्यावरून पाहिला. पोरं एका प्रचंड जबड्यावर कागद चिकटवत होती.

"हा कोण?"

"नरकासुर."

"मॉन्स्टर आहे?"

"मॉन्स्टरच."

"आणि तो घरी करतात?"

"घरीच करतात. विकतचा आणला तर पोरं हसतात."

हे शेवटचं वाक्य मी जरा रेटूनच म्हटलं. तयार मुखवटे बाजारात मिळतात आणि पुष्कळ लोक आणतात. पण बाबूच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्याच्या शाळेत विकतचा नसेल तर हसतात की काय, ही भीती त्याला होती. जगात एक जागा अशीही आहे की जिथे उलटं असतं, हे त्याला नवीन होतं.

"मी तो होणार," तो म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. कारण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. लहानपणी आठ-दहा वर्षं मी नरकासुराच्या कामात होतो, पण मुखवट्याला मला कुणी हात लावू दिला नव्हता. मुखवटा मोठी मुलं करायची. चिकणमातीचा साचा, त्यावर आधी नुसता ओला कागद, मग खळीत भिजवलेले थरावर थर. मी खळ ढवळायचो. मोठ्या डब्यात मैदा आणि पाणी, किडीने खाऊ नये म्हणून त्यात मोरचूद. नरकासुराच्या बाबतीत माझं कर्तृत्व म्हणजे एक लांब काठी.

*

आता कामाचं. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

खळ: एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि पिठल्यासारखा दाट होईपर्यंत ढवळत राहायचं. चिमूटभर मीठ. मोरचूद विषारी, घरात लहान मूल असताना त्याच्या वाटेला गेलो नाही. ढवळताना लक्षात आलं की मनगटाला वेग आठवतोय. पंचवीस वर्षांनी.

कागद: आमच्याकडे वर्तमानपत्र येत नव्हतं. टपालात येणारी दुकानांची गुळगुळीत पत्रकं खळ पीत नाहीत. सगळ्यात उत्तम निघाला तो पार्सलच्या खोक्यांत कोंबलेला खाकी कागद. तो फुकट असतो आणि आपण फेकून देतो. कागद कात्रीने कापायचा नाही, हाताने फाडायचा. फाडलेली कड पातळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कड कायम उठून दिसते. एक थर आडवा, पुढचा उभा, म्हणजे कुठे राहिलं ते कळतं. दिवसाला दोनच थर. घाई केली तर वरून वाळतं आणि आत बुरशी धरते.

साचा: पहिल्यांदा मी मोठा फुगा घेतला. इंटरनेटवर सगळे फुगाच घेतात. दोन थर लावले, खिडकीपाशी ठेवला, झोपलो. रात्री गारठा पडला, फुगा आक्रसला आणि सकाळी नरकासुराच्या कपाळाला मूठभर खळगा पडलेला. बाबू म्हणाला, "त्याला कुणीतरी मारलं." मग मी इडलीचं मोठं पातेलं उलटं घातलं, त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळली आणि पुन्हा पहिल्यापासून. पातेलं आक्रसत नाही. बायकोने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या आठवड्यात तिने उपमा केला.

तो ऑक्टोबर विलक्षण कोरडा होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात कोरडा महिना. लॉन करपली होती, वणव्यांच्या बातम्या येत होत्या. लोक हवालदिल आणि माझे थर एका रात्रीत कडक. त्या दोन महिन्यांत माझ्या बाजूने झालेली तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

मग शाळेचं पत्र आलं. चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा चालणार नाही. तलवार, चाकू, बंदूक खेळण्यातलीही नाही. खोटं रक्त नाही. म्हणजे नरकासुर, पण चेहरा नसलेला, निःशस्त्र आणि स्वच्छ. मी पत्र टेबलावर ठेवून बराच वेळ बसलो. बाबूने एक वरण-भाताचा घास घेतला आणि आ वासून म्हणाला, "मी त्याच्या तोंडात असलो तर?"

तेच केलं. कागदाची कवटी त्याच्या जुन्या टोपीवर चिकटवली, म्हणजे डोक्यावर घट्ट बसते आणि हलत नाही. कपाळ, अंड्याच्या ट्रेचे डोळे, नाक, मिशा आणि वरचे दात हे सगळं त्याच्या भुवयांच्या वर. खालचा जबडा म्हणजे पुठ्ठ्याची रुंद पट्टी, कानापासून कानापर्यंत हनुवटीखालून गेलेली, तिच्यावर खालचे दात. मधे उघड्या तोंडातून बाबूचा चेहरा. त्याला समोरचं सगळं दिसत होतं, श्वास मोकळा होता आणि चॉकलेट खाता येत होतं. अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून पाठीवर चकाकणारी पट्टी. अंगात माझा काळा टी-शर्ट, पोटाला उशी, कमरेला आईची लाल ओढणी.

खर्च: हिरवा, लाल, काळा, सोनेरी अशा रंगाच्या चार बाटल्या, फुग्यांचं पाकीट (वाया), मिशांसाठी काळी लोकर, गोंदाच्या कांड्या, चकाकणारी पट्टी. आठ वस्तू, प्रत्येकी सव्वा डॉलर. दहा डॉलर, वर कर सहासष्ट सेंट. गरम गोंदाची बंदूक शेजारणीकडून मागून आणली.

आणि जवळजवळ तीन आठवडे. हे कुणी हिशेबात धरत नाही. घरी केलेला पोशाख स्वस्त पडतो हे अर्धंच खरं. ज्याच्याकडे पैसे कमी आणि वेळ जास्त आहे त्यालाच तो स्वस्त पडतो. नोकरी असती तर माझे ते तास पंचेचाळीस डॉलरपेक्षा कितीतरी महाग होते आणि मी हसत स्पायडरमॅन घेतला असता.

एका रात्री एक वाजता मी मुकुटाला सोनेरी रंग देत होतो. दुपारी एका कंपनीचा नकार आला होता, तिसऱ्या फेरीनंतर. बायको पाणी प्यायला उठली आणि दारात उभी राहिली.

"हे तू त्याच्यासाठी करतोयस की हाताला काम हवं म्हणून?"

मी ब्रश पाण्यात बुडवला. खोटं बोलण्यासारखा प्रहर नव्हता. "हाताला काम हवं म्हणून," मी म्हटलं. "काहीतरी मी सुरू केलं आणि ते पूर्ण झालं, असं बघायचंय."

ती आली, समोर बसली आणि तिने बारीक ब्रश घेतला. दोन किडलेले दात तिने रंगवले.

*

त्या वर्षी नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली. हॅलोविनच्याच दिवशी. पण फोंड्यातली पहाट म्हणजे एडिसनमधली आदली संध्याकाळ. तीस तारखेला साडेसातच्या सुमाराला आम्ही जेवायला बसलो आणि आईचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबूक उठय रे," ती कोंकणीत म्हणाली. "जाळटात." मग तिलाच आठवलं की आमच्याकडे अजून रात्रसुद्धा झालेली नाही.

फोनच्या पडद्यावर अंधार, माणसांची डोकी, आणि मधोमध तो. व्हिडिओत ज्याचा जबडा पाहिला होता तोच. आता पूर्ण झालेला, वीस-पंचवीस फुटी. आग पायापासून चढली. गवत पेटलं, कागद पेटला, शेवटी चेहरा एकदम आत कोसळला. आई म्हणत होती, "दिसतंय ना? दिसतंय ना?"

बाबू काही बोलला नाही. त्याने मान वळवून फ्रिजवर ठेवलेल्या मुखवट्याकडे पाहिलं.

"आपला पण जाळणार?"

"नाही. इथे परवानगी नाही. पाऊस नाही ना."

"आणि परवानगी असती तर?"

मी उत्तर देण्याआधी त्याने दुसरा प्रश्न विचारला. "आपण इंडियाला जाणार आहोत का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आईला सांगितलं, नंतर करतो, आणि फोन ठेवला. मग त्याला सगळं सांगितलं. नोकरी, साठ दिवस, त्यांतले चाळीस गेले आहेत. त्याने बोटांवर मोजलं.

"म्हणून तू घरी असतोस?"

"हो."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू लॅपटॉपवर कुणाशी भांडत नव्हतास."

*

३१ तारखेला अवेळी उकाडा होता. थंडीत कोटाखाली पोशाख झाकून जातो, अशी तिथल्या आयांची दरवर्षीची तक्रार असते. त्या दिवशी मुलं अर्ध्या बाह्यांवर फिरत होती आणि पोटाला उशी बांधलेला नरकासुर घामाने निथळत होता. मिरवणुकीत चार स्पायडरमॅन होते. मी मोजले.

संध्याकाळी दारोदार निघालो. पुठ्ठ्याची तलवार आता कमरेला होती. पहिल्या दारात विचारलं, "ड्रॅगन?" दुसऱ्या दारात, "समुद्री चाचा?" तिसऱ्या दारात बाबूनेच सुरुवात केली. तो नरकासुर आहे, आज सकाळी त्याला मारलं, रात्री तो कँडी घ्यायला परत आलाय. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि नीट पाहिलं तर हॅलोविनची मूळ कल्पना याहून फार वेगळी नाही. आयर्लंडमध्ये जुन्या काळी हा उन्हाळा संपून अंधारे दिवस सुरू व्हायचा सण होता, मेलेले आणि भुतंखेतं त्या रात्री जवळ येतात असं मानत. तिथले लोक सलगम कोरून दिवे करायचे, अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा मिळाला. जिथे जाल तिथे जे मिळेल त्यावर भागवायचं. मोरचूद नाही तर मीठ, माती नाही तर इडलीचं पातेलं.

रस्त्याच्या टोकाला एका गोऱ्या आजोबांचं घर होतं. ते पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चॉकलेटचा वाडगा बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि मुखवट्यावरून हात फिरवला. कागदाचाच का, विचारलं. किती थर, विचारलं. मी म्हटलं, आठ. त्यांच्या लहानपणी आई उशीच्या अभ्र्याला दोन भोकं पाडून द्यायची, ते म्हणाले, आणि ते सगळे भावंडं एकाच प्रकारची भुतं असायची.

"माझ्या बाबांनी केलंय," बाबू म्हणाला. "त्यांना जॉब नाही, म्हणून त्यांच्याकडे वेळ होता."

मला त्या पायरीखाली जागा असती तर बरं झालं असतं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बाबूलाच म्हणाले, "मग त्यांनी वेळेचं चांगलं केलं." आणि त्याच्या पिशवीत दोन मुठी चॉकलेटं टाकली.

परत येताना बाबूने विचारलं, "मी सांगायला नको होतं?"

मी विचार केला. चाळीस दिवस मी हे शेजाऱ्यांना, मित्रांना, आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलाने एका वाक्यात सांगितलं आणि काही कोसळलं नाही.

"चालेल," मी म्हटलं. त्याच रात्री आईला फोन केला आणि सांगितलं. ती म्हणाली, "तरीच. नाहीतर तू एवढे फोन कधी करतोस?"

*

नोकरी मिळाली नाही. १७ नोव्हेंबरला, साठातले दोन दिवस शिल्लक असताना, आम्ही विमानात बसलो. आठ वर्षांचं घर सहा बॅगांत. कुकर मागे राहिला, बाबूची सायकल राहिली, इडलीचं पातेलंही राहिलं. मुखवटा कुठल्याच बॅगेत मावत नव्हता. बाबूने तो मांडीवर ठेवला. विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून तो गेला तेव्हा पडद्यापुढचा माणूस क्षणभर थांबला, मग हसला.

आता आम्ही फोंड्यात असतो. मी काम करतो, पगार कमी आहे, घरचे पोहे आहेत. हे सुखान्त आहे असं मी म्हणणार नाही. बायकोला तिथली लायब्ररी आठवते. बाबूला शाळेत पोरं 'अमेरिका' म्हणून हाक मारतात आणि त्याला ते आवडत नाही.

२०२५ ची नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला होती. बाबू महिनाभर वाड्यावरच्या पोरांबरोबर होता. नवा आणि लहान म्हणून त्याला खळ ढवळायला दिली होती. मी काही मधे पडलो नाही. पण एका संध्याकाळी बघितलं तर तो मोठ्या मुलांना सांगत होता, कागद कापू नका, फाडा. आणि ती ऐकत होती.

पहाटे पुतळा जाळायला आणला तेव्हा बाबू घरी पळाला आणि आपला मुखवटा घेऊन आला. एका बाजूचा रंग उडालेला, एक दात पडलेला. एक मोठा मुलगा म्हणाला, "हाड, घालूंया हाकाय." आण, ह्यालाही घालू या. मी पाच पावलांवर होतो. काही बोललो नाही.

बाबूने मुखवटा दोन्ही हातांनी पाठीमागे धरला.

"हो जळना," तो म्हणाला, वर्षभरात शिकलेल्या कोंकणीत. हा जळत नाही. "हो हॅलोविनाचो."